जमिनीकडची काच

"ही बत्ती आहे की जत्रेतला पाळणा?"

बाबांनी एवढंच विचारलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. समोर स्टुलावर माझं मॉडेल उभं होतं. मॉडेल कसलं, दीड हात उंचीचा पुठ्ठ्याचा मनोरा होता तो, आणि त्याच्या डोक्यात मी एक लुकलुकणारा बिल्ला कोंबला होता. जत्रेत मुलं शर्टाला लावून मिरवतात तसला, लाल बदामाचा. बदाम मी फोडून टाकला होता आणि आतला मण्याएवढा दिवा तेवढा घेतला होता. तो सेकंदाला दोनदा लुकलुकत होता आणि मला फार आवडला होता.

"लागतोय की, बाबा."

"लागतोय. पण कुणाचा? आपली बत्ती दर दहा सेकंदांनी एक झोत टाकते. पलीकडच्या टोकावरची लागोपाठ दोन टाकते आणि वीस सेकंद गप्प बसते. रात्री होडीवाला बत्ती नुसती बघत नाही, मोजतो. मोजलं की त्याला कळतं आपण कुठे आहोत. तुझी बत्ती मोजून कुणी बंदरात शिरायला गेला तर थेट कातळावर बसेल. काढ ते."

मी काढलं. काढताना दोन थेंब डोळ्यांतून मनोऱ्यावर पडले आणि पुठ्ठा तिथे फुगला. आईने स्वयंपाकघरातून बघितलं, पण बत्तीच्या गोष्टीत ती बाबांच्या मध्ये कधी पडत नसे.

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णवच्या मे महिन्यातली. बाबा, म्हणजे मोरेश्वर तोरसकर, आमच्या खडकटोकाच्या दीपगृहावर चोवीस वर्षं होते. गावात कुणी दीपगृह म्हणत नसे, बत्तीच म्हणत. साहाय्यक म्हणून ते आले आणि मुख्य होऊन महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते. ते टोक इतकं आडबाजूला की तिथे कुणालाच यायचं नसे, त्यामुळे बाबांची बदली करायची बुद्धी खात्याला कधी झाली नाही. बाबांनीही ती कधी मागितली नाही. चोवीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एक खाडाखोड नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, आई सांगे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नकाशे काढायचा दोन वर्षांचा कोर्स करून घरी बसले होते. घरी बसले म्हणजे पुठ्ठे कापत बसले होते. शाळा, देऊळ, बंदर, जे दिसेल त्याची लहान मॉडेलं करायचा मला नाद होता. त्यांतल्या दोन-तीनांचे फोटो मी पुण्यातल्या मॉडेलं करणाऱ्या एका कारखान्याला पाठवले होते आणि चक्क तिथून पत्र आलं होतं. पाच जूनला हजर व्हा, सहा महिने उमेदवारी, मग कायम. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं होतं की घडीवरून ते फाटायला आलं होतं.

बाबांना ते पटत नव्हतं. त्यांनी तालुक्याच्या पतपेढीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

"खेळणी करायला कुणी पगार देतं का?" ते म्हणत.

"खेळणी नाहीत, बाबा. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल हे दाखवतात."

"जी नाही ती दाखवायची? मग चुकलं तर कळणार कसं?"

त्यांना उत्तर देणं अवघड होतं, कारण त्यांचा सगळा जन्म चूक होऊ न देण्यात गेला होता. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. तीस मे रोजी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा निरोपसमारंभ होता. मुंबईहून देवस्थळीसाहेब येणार होते, ज्यांनी अर्धा किनारा पालथा घालून बत्त्या तपासल्या होत्या. गावाने बाबांना द्यायला बत्तीचं मॉडेल मागितलं होतं, आणि ते मी करावं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या बिल्ल्याच्या दिवशी बाबा कप खाली ठेवून म्हणाले, "आता मला दाखवू नकोस. त्या दिवशी साहेबांबरोबरच बघीन. त्यांनी बघून बरोबर आहे म्हटलं तर जा पुण्याला, मी स्वतः एसटीत बसवून देईन. त्यांनी चूक काढली तर मुकाट्याने पतपेढीत जायचं."

"एक जरी चूक काढली तरी?"

"बत्तीत एकच चूक होते, वैजू. दुसरी करायला कुणी उरत नाही."

झालं. वीस दिवस हातात होते आणि दहा सेकंदांनी एकदा चमकणारा दिवा मला कुठून तरी पैदा करायचा होता. हल्ली तांदळाएवढे दिवे रिळाने मिळतात, ते किती वेळाने लागावेत हेही ठरवता येतं. तेव्हा आमच्या तालुक्यात मिळून दिव्याच्या माळा, देवाच्या फोटोमागची फिरती चक्रं आणि जत्रेतली खेळणी, एवढाच माल होता. मी सगळा धुंडाळला. गणपतीच्या माळेतला दिवा मनाला येईल तेव्हा लागे आणि मनाला येईल तेव्हा विझे. फोटोमागच्या चक्राची मोटर इतकी घरघरे की बत्तीत पिठाची गिरणी चालू आहे असं वाटे.

मग एक दिवस एसटी स्टँडवर हळदणकरांच्या खानावळीत चहा पिताना मला भिंतीवरचं ते चित्र दिसलं. तुम्हीही पाहिलं असेल. काचेवर हिरवागार डोंगर, मधून धबधबा, आणि आत दिवा लावला की पाणी खरंच कोसळतंय असं वाटायचं. लहानपणी ते बघायला मी हळदणकरांकडे मुद्दाम भजी खायला जायची. आता पाणी थांबलं होतं. नुसता पिवळा उजेड होता आणि काचेवर माशा.

"काका, हे बंद पडलं?"

"धबधबो कधीच आटलो गो," हळदणकर गल्ल्यावरून म्हणाले. "मेवण्यान मुंबयसून हाडल्यान हुतो. तुका कित्याक व्हयो?"

"बत्तीसाठी."

"बत्तीक धबधबो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाबांचं वय झालंच होतं, आता पोरीचंही काही खरं नाही. पण चित्र खुंटीवरून काढून दिलं. "घेवन जा. भिंतीक तेवडीच जागा झाली."

घरी आणून मी ते उघडलं आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आत मोटर नव्हतीच. एक साधा बल्ब, आणि बल्बवर सुईच्या टोकावर तोललेला प्लॅस्टिकचा नळा. नळ्याच्या डोक्याला पंख्यासारखी पाती. बल्ब तापला की गरम हवा वर चढते, पात्यांना ढकलते, नळा फिरतो आणि त्याच्यावरच्या तिरक्या रेघांमुळे पाणी पडल्यासारखं दिसतं. ना आवाज, ना धडधड. खरी बत्तीही अशीच आहे. तिचा दिवा लुकलुकत नाहीच, तो सारखा जळत असतो. त्याच्याभोवती भिंगं फिरतात आणि झोत आपल्यासमोरून जातो तेव्हा आपल्याला तो चमकल्यासारखा वाटतो. हे ठाऊक असून मी लुकलुकणारे दिवे शोधत फिरत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

नळा माझ्या मनोऱ्याला फार मोठा होता. मी त्याची सुई आणि जिच्यावर ती टेकते ती काचेची इवलीशी वाटी एवढंच घेतलं. नवा नळा औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटांचा केला, फिल्मच्या डबीएवढा. त्याला उभी एकच फट ठेवली. वर आठ पाती कापली. बल्ब स्कूटरच्या इंडिकेटरचा आणि स्कूटरचीच जुनी बॅटरी. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा नळा असा सुटला की चार सेकंदांत फेरी. पाती थोडी सपाट केली, सहा सेकंद. आणखी सपाट केली, तर जागचा हलेना. खिडकीतून वारा आला की उलटा फिरे. मी बारा काचांची खोली त्याच्याभोवती बसवली तेव्हा वारा अडला, पण उष्णता कोंडून पुन्हा वेग वाढला. मग छपराला भोक, मग भोकावर टोपी. बोटं भाजली, पाती फाटली, चार नळे फेकले.

खऱ्या बत्तीच्या काचाही बाराच होत्या. सात समुद्राकडे उघड्या आणि पाच जमिनीकडच्या, आतून काळ्या रंगवलेल्या. मागे खाडी होती, तिथल्या होडीवाल्याला झोत दिसला तर तो आपण समुद्रावर आहोत असं समजायचा, म्हणून जमिनीकडे अंधार. दर वर्षी पावसाआधी बाबा तो रंग नवा करत. वर जायला बायकामुलांना मनाई होती, त्यामुळे मी जन्मात कधी बत्तीत चढले नव्हते. पण आमची खोली मागच्या सड्यावर, उंच कातळी पठारावर, बत्तीच्या डोक्याच्या पातळीत होती. घरातून मला तिची जमिनीकडची प्रत्येक काच पाठ होती. मी चार काचा काजळीने पूर्ण काळ्या केल्या आणि उरलेल्या एकीत दोन बोटांची उभी पट्टी मोकळी ठेवली. दिसत होती तशीच.

दहा सेकंद मोजायला मला घड्याळाचीसुद्धा गरज नव्हती. संध्याकाळी बत्ती लागली की आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उजेडाची एक पट्टी जायची. फडताळापासून सुरू होऊन डब्यांवरून दारापर्यंत. जन्मापासून मी ती पाहत होते. शाळेत जाईपर्यंत मला वाटे सगळ्यांच्याच भिंतीवरून अशी पट्टी जाते. मी मॉडेल स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि माझा झोत त्या पट्टीबरोबर यावा म्हणून पाती वाकवत बसले. अठ्ठावीस तारखेला ते जमलं. भिंतीवर खरी पट्टी फडताळाशी आली आणि त्याच क्षणी माझी इवलीशी पट्टी पाटावर आली. पुन्हा आल्या. पुन्हा. मी आईला हाक मारली.

आई हात पुसत आली. तिने ती छोटी पट्टी पाटावरून जाताना बघितली. मग वाकून मनोऱ्याच्या मागच्या काचा बघितल्या. मला वाटलं आता ती पाठीवरून हात फिरवेल.

"इतकं बारीक कशाला करायचं ते?" ती म्हणाली. "मागची बाजू कोण बघतंय? सगळं काळं करून टाक."

"अगं, पण तसं नाहीये ना!"

"नसेना का. काळंच बरं दिसतं."

मला राग आला. बाबांना माझं काम खेळणं वाटत होतं आणि आईला मागची बाजू दिसली नाही तर चालत होती. मी तिला म्हटलं, "तुला यातलं काही कळत नाही." ती भाकरी थापायला वळली. तिला किती कळत होतं ते मला दोन दिवसांनी समजलं, आणि आपण तसं बोललो याची लाज अजून जात नाही.

तीस तारखेला दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून संध्याकाळएवढा अंधार केला. पंखे बंद ठेवायला मी आधीच बजावलं होतं, त्यामुळे सगळं गाव घामाने निथळत बसलं होतं. बाबा पांढऱ्या गणवेशात साहेबांशेजारी ताठ बसले होते. साहेबांच्या पुढ्यात शाल, नारळ आणि एक गुंडाळलेलं प्रशस्तिपत्र होतं. त्यावर काय लिहिलंय ते साहेबांच्या कारकुनाने आधीच फोडलं होतं, 'चोवीस वर्षांची निष्कलंक सेवा'. बाबा त्या गुंडाळीकडे बघत नव्हते, पण बघत नाहीत हे दिसत होतं.

मी बॅटरी जोडली. बल्ब तापायला अर्धं मिनिट लागलं आणि तेवढ्यात माझं पुणं आणि पतपेढी दोन्ही डोळ्यांपुढून गेली. मग नळा हलला. फिरू लागला. समोरच्या भिंतीवर समुद्राच्या बाजूने झोत गेला आणि लोक "अरे वा" म्हणाले. मागून कुणी कोळी मोठ्याने मोजू लागला आणि दहाव्या आकड्याला झोत आल्यावर त्याने मांडीवर थाप मारली. "आपलीच बत्ती रे!"

देवस्थळीसाहेब उठले. बारीक अंगाचे, चष्मा दोरीला बांधलेले. त्यांनी खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं आणि पाच फेऱ्या मोजल्या.

"दहा," साहेब म्हणाले. "दहा. दहा. साडेनऊ. दहा. कशावर फिरतंय हे?"

"गरम हवेवर. धबधब्याच्या चित्रातलं आहे, साहेब."

"कशातलं?" त्यांनी वाकून आत बघितलं आणि ते चक्क हसले. "तोरसकर, आमच्या वर्कशॉपला नाही सुचायचं हे."

बाबा हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. आनंद झाला की त्यांचे कान लाल व्हायचे. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

"थांबा," साहेब म्हणाले. ते मनोऱ्याच्या मागे गेले होते. बायका बसल्या होत्या त्या बाजूला. माझी बारीक पट्टी आईच्या लुगड्यावरून सरकून गेली. साहेबांनी ती पाहिली, दहा सेकंद थांबले, पुन्हा पाहिली. "हे काय? जमिनीकडे झोत?"

मी म्हटलं, "तिथे पट्टी आहे ना, साहेब."

"कुठे आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि बाबांकडे बघितलं. त्यांच्या कानांचा लाल रंग गेला होता. आईकडे बघितलं, तर तिने डोळे मिटले होते. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती पट्टी असायला नको होती. जमिनीकडच्या पाचही काचा पूर्ण काळ्या हव्या होत्या. चोवीस वर्षं एकही खाडाखोड नसलेल्या माणसाने दर मे महिन्यात हाताने रंग लावताना दोन बोटं जागा सोडली होती, आणि मी ती जगापुढे, त्याच्या साहेबांपुढे, दिवा लावून मांडली होती.

पट्टी खरी आहे म्हटलं तर बाबा गेले. चुकून राहिली म्हटलं तर पुणं गेलं.

"चूक झाली, साहेब," मी म्हणाले. "काजळी लावताना राहून गेलं."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण साहेबांना गेला. ते मान हलवून म्हणाले, "एरवी उत्तम आहे. पण बत्तीत ही मोठी चूक. आधी वडिलांना विचारायचंस." आणि ते खुर्चीकडे परत निघाले.

"साहेब." बाबा उभे राहिले होते. "मॉडेलमध्ये चूक नाही."

"म्हणजे?"

"पट्टी आहे. चौथ्या क्रमांकाच्या काचेत, दोन बोटं. मुलगी घरातून जे बघते तेच तिने केलंय. चूक माझी आहे, आणि चोवीस वर्षांची आहे."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. मॉडेल मात्र आपलं फिरतच होतं.

"मी स्वतः सहा वेळा तपासणीला आलोय," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"तपासणीच्या दिवशी तिथे कॅलेंडर लावलेलं असायचं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब हसले नाहीत. "खाडीतून दिसतो हा झोत?"

"नाही. होडीत बसून मी स्वतः दहा ठिकाणांवरून बघितलंय. आमच्या खोलीची भिंत मध्ये येते. तो फक्त आमच्या चुलीपर्यंत जातो."

"पण का, तोरसकर? तुमच्यासारख्या माणसाने?"

बाबांनी आईकडे बघितलं. त्यांना खोटं येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. तेव्हा बायकांतून आई उठली. चारचौघांत ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"मी सांगते, साहेब. ह्यांना झोप लागली होती. पहिल्याच वर्षी, आषाढात. तेव्हा बत्ती वजनावर फिरायची, दर तीन तासांनी किल्ली द्यावी लागे. दुसरा माणूस तापाने पडलेला, हे तीन रात्री एकटेच जागे. मी मागच्या दारी आले तर समुद्रावर झोत हलेना, एका जागी उभा. ही वैजू दोन महिन्यांची. तिला काखोटीला मारलं आणि त्या एक्क्याण्णव पायऱ्या चढून वर गेले. हे नोंदवहीवर डोकं ठेवून झोपलेले. मीच किल्ली दिली. मग ह्यांना उठवलं."

"वहिनी, तुम्ही वर गेलात?"

"गेले. तो नेम मोडला तो मी. आणि ह्यांना सांगितलं, मला चुलीपाशी बत्ती दिसली पाहिजे. नाहीतर मी चूल घेऊन वर येते राहायला." आईचा श्वास लागला होता. "तेव्हापासून मी मोजते. दहाला उजेड नाही आला की मी पायरीवर असेन, हे ह्यांना ठाऊक आहे. परत कधी यायला लागलं नाही, साहेब. एकदाही नाही."

साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तोरसकर, हे मला लिहावं लागेल."

"लिहा, साहेब. मीच सही करतो."

"उद्या चार्ज देण्याआधी ती पट्टी काळी झाली पाहिजे. आढळलं आणि दुरुस्त केलं, एवढंच लिहीन." त्यांनी शाल बाबांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. प्रशस्तिपत्राची गुंडाळी त्यांनी उचलली, क्षणभर धरली आणि आपल्या पिशवीत परत ठेवली. बाबांनी मान खाली घालून नमस्कार केला. मला त्या क्षणी पुणंबिणं काही नको होतं. ते कागदाचं भेंडोळं हिसकावून बाबांना द्यावंसं वाटत होतं.

जाताना साहेब माझ्यापाशी थांबले. "मॉडेल बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच चुकलो. आणि ती पट्टी तूच रंगव. हात बारीक आहे तुझा. वर जायला माझी परवानगी समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा बत्ती चढले. बाबा पुढे, हातात काळ्या रंगाचा डबा. निम्म्या जिन्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, मी आधी विचारायला हवं होतं. माझ्यामुळे तुमचा कागद गेला."

"कागद खोटाच होता," ते म्हणाले. "पाच तारखेला हजर व्हायचंय ना? मग दुपारी तीनची एसटी बरी. कोल्हापूरला बदलावी लागणार नाही."

वर भिंगांवर पांढरं कापड घातलेलं होतं. समुद्र सात काचांतून आत येत होता, पण बाबांनी मला तिकडे बघू दिलं नाही. खांद्याला धरून त्यांनी मला जमिनीकडच्या काचेसमोर उभं केलं. काळ्या काचेत दोन बोटांची उजळ पट्टी. मी तिला डोळा लावला.

समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. इतकी सरळ आणि स्वच्छ की आई खोबरं खवत होती तेही दिसत होतं. तिने हाताच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारले. मग उठून माठातलं पाणी घेतलं.

"दिसते?" बाबांनी विचारलं.

"दिसते."

"रात्री कंदील असायचा खिडकीत. तू आजारी असलीस की पहाटेपर्यंत मोठा. आई रागावलेली असली की नऊलाच बारीक." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "तुझा जन्म इथे, तुझी पहिली पावलं त्या मागच्या दारात. मी ती इथूनच पाहिली."

"आईला ठाऊक आहे?"

"नाही. तिला वाटतं तीच माझ्यावर पहारा ठेवत होती. वाटू दे. तिने मोजलं म्हणून नाही झोप उडाली माझी, वैजू. ती दिसायची म्हणून."

मी ब्रश रंगात बुडवला आणि हात तसाच राहिला. मला रडू येत होतं आणि काचेवर थेंब चालणार नव्हता.

"लाव," बाबा म्हणाले. "खात्याची काच आहे."

मी वरून सुरुवात केली. आधी आभाळ गेलं, मग आमची कौलं, मग खिडकीची वरची चौकट. बाबा माझ्या खांद्यावरून वाकले होते आणि जसजसा रंग खाली येत होता तसतसे आणखी वाकत होते.